दोन काळी सॅटिन, कागदावर तकाकी सारखी आणि डोळ्यांना वेगळी! कापडाची चमक आणि स्पर्श मोजायचा तरी कसा?

मधली_घडी

नमस्कार मंडळी. मी नाटकांचे पोशाख शिवते. गेल्या महिन्यात एक लांब काळा झगा शिवला. अंगाचं कापड एका ताग्यातलं. ते कमी पडलं म्हणून बाह्या दुसऱ्या ताग्यातून काढल्या. दोन्ही काळं पॉलिस्टर सॅटिन, मालाचा क्रमांक एकच. कापताना, शिवताना, इस्त्री करताना काहीच खटकलं नाही. रंगीत तालमीत वरून आणि डावीकडून दिवे आले आणि अंग काळंभोर राहिलं, बाह्या मात्र चांदी लावल्यासारख्या उजळल्या. प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेतूनसुद्धा दिसत होतं.

मग हात फिरवून पाहिला. बाह्यांचं कापड बोटाखालून निसटतं, अंगाचं किंचित धरून ठेवतं. फरक थोडाच आहे, पण आहे.

पुरवठादाराला कळवलं. त्याने दोन्ही ताग्यांचा चाचणी-कागद पाठवला. ६० अंशांच्या ग्लॉसमीटरवर, म्हणजे तकाकी मोजणाऱ्या यंत्रावर, दोन्हींचा आकडा जवळजवळ सारखा, रंगमापकावरही फरक नगण्य. "माल तोच आहे, दिव्यांमुळे तसं वाटत असेल," असं उत्तर आलं. ते मला लागलं. इतकी वर्षं मी डोळ्यांवर आणि बोटांवरच काम करतेय.

म्हणून इथल्या जाणकारांना विचारते. यंत्राला सारखं दिसतं ते मला वेगळं का दिसतं? आणि 'निसटतं', 'धरून ठेवतं' हे आकड्यात मांडता येतं का? येत असेल तर घरच्या घरी कितपत जमेल?

कात्री

बाह्यांची दिशा फिरली असणार. ताणा, म्हणजे लांबीचे धागे, आडवा गेला की सॅटिन दुसरंच दिसतं.

मधली_घडी

@कात्री, तेच आधी पाहिलं. दोन्हीकडे ताणा उभाच आहे. मी खडूने खूण केल्याशिवाय सॅटिनला कात्री लावत नाही.

पिक्सेल_दळण

ताई, तुमचे डोळे बरोबर आहेत. त्या यंत्राला विचारलेला प्रश्न चुकीचा आहे.

ग्लॉसमीटर मुळात रंगवलेला पत्रा, वार्निश, फरशी अशा सपाट गोष्टींसाठी आहे. २०, ६० किंवा ८५ अंशांतून उजेड टाकायचा आणि पलीकडच्या बाजूला बरोबर तेवढ्याच कोनात किती उजेड येतो ते मोजायचं. १.५६७ अपवर्तनांकाच्या (आत शिरताना उजेड किती वळतो त्याचं माप), घोटून गुळगुळीत केलेल्या काळ्या काचेला १०० धरायचं आणि बाकी सगळं तिच्या तुलनेत. आरशासारख्या पृष्ठभागाला हे चालतं, कारण तिथे उजेड एकाच वाटेने परततो.

कापड म्हणजे शेजारी शेजारी निजलेल्या बारीक नळ्या. नळीवर उजेड पडला की तो एका रेषेत न परतता नळीच्या आसाभोवती शंकूसारखा पसरतो. उजेड धाग्याच्या लांबीच्या दिशेने आला, तर कापड पुढे-मागे कलतं करताना झळाळी एका कोनात झटकन येते आणि जाते. धाग्याला काटकोनात आला, तर तीच झळाळी खूप कोनांत वाटली जाते, म्हणून रुंद आणि फिकी दिसते. हेच कापड ग्लॉसमीटरखाली ९० अंश फिरवा, आकडा बदलेल. कागदावर दिशा लिहिलेली आहे का ते आधी बघा. लिहिलेली नसेल तर तो आकडा अर्धाच आहे.

रंगमापकाचं उलटं आहे. त्यात बहुधा आतून पांढरा गोल असतो आणि कापडावर उजेड सगळ्या बाजूंनी पडतो. म्हणजे दिशेचा परिणाम मुद्दाम पुसून टाकलेला असतो. रंग जुळवायला ते योग्यच, पण तुमची तक्रार नेमकी दिशेची आहे.

पूर्ण उत्तर हवं असेल तर बीआरडीएफ, म्हणजे कुठून आलेला उजेड कुठे किती परततो याचा हिशेब, मोजावा लागतो. फ्रेड निकोडेमस यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत याची व्याख्या पक्की केली. उजेड कुठून येतो त्याचे दोन कोन, आपण कुठून पाहतो त्याचे दोन कोन, आणि या चौकडीच्या प्रत्येक जोडणीला किती उजेड परततो त्याचा तक्ता. आम्ही संगणकावर कापड 'विणतो' तेव्हा हाच तक्ता लागतो. १९९० च्या दशकात कोलंबिया आणि उट्रेख्त विद्यापीठांनी ६१ पदार्थांचा संग्रह केला, त्यात कापडंही होती. एकेका नमुन्याची २०५ छायाचित्रं, प्रत्येक वेळी उजेडाची आणि कॅमेऱ्याची जागा वेगळी. त्यापुढे ग्लॉसमीटरचा एक आकडा किती तोकडा आहे बघा.

उत्सुक_वाचक

छान समजलं. पण पांढऱ्या सॅटिनमध्ये असा फरक कधी जाणवला नाही. काळ्यातच का?

रंगारी_

@उत्सुक_वाचक, हा प्रश्न माझ्या गल्लीतला. धाग्यावर पडलेल्या उजेडाचे दोन वाटे होतात. थोडा भाग तंतूच्या पृष्ठभागावरूनच परततो. समोरून पाहिलं तर साधारण ४ ते ७ टक्के, तिरप्या कोनात जास्त. या उजेडाला रंगाचा स्पर्शही झालेला नसतो, तो दिव्याच्याच रंगाचा असतो. उरलेला आत शिरतो, तंतूंमध्ये इकडेतिकडे आपटतो आणि रंग घेऊन बाहेर येतो. पांढऱ्या कापडात हा दुसरा वाटा इतका मोठा असतो की पहिला त्यात बुडून जातो. काळ्यात दुसरा वाटा रंगाने गिळून टाकलेला. उरते ती फक्त पृष्ठभागाची झळाळी. म्हणून काळं कापड तकाकीतला बारीकसा फरकही लपवत नाही.

धाग्याची जातही बघा. पॉलिस्टर ब्राइट, सेमी डल आणि फुल डल असं येतं. ही मंदी आणायला वितळलेल्या पॉलिस्टरमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडची अगदी बारीक पूड मिसळतात. तंतूचा छेदही, म्हणजे आडवा कापल्यावर दिसणारा आकारही, महत्त्वाचा. गोल तंतू वेगळा चमकतो, तीन पाकळ्यांचा ट्रायलोबल वेगळा. रेशमाचा तंतू निसर्गतःच गोलसर कोपऱ्यांचा त्रिकोण असतो, त्याची झळाळी काही अंशी त्यातूनच येते.

सुती कापडात तर याची मोठी गंमत आहे. कापसाचा तंतू सुकला की चपटा होतो, त्याला पीळ पडतो, आणि छेद घेवड्याच्या दाण्यासारखा दिसतो. जॉन मर्सर यांनी १८४४ मध्ये कॉस्टिक सोड्याचा परिणाम पाहिला आणि १८५० मध्ये पेटंट घेतलं. त्यांच्या प्रक्रियेत कापड आटायचं, मजबूत व्हायचं, रंग चांगला धरायचं. चमक मात्र नव्हती. १८९० च्या सुमारास होरेस लो यांनी हीच प्रक्रिया कापड ताणून धरून केली. आटायला वाव नाही म्हटल्यावर तंतू फुगून गोल आणि सरळ झाला आणि रेशमासारखी तकाकी आली. रसायन तेच, फरक फक्त ताणाचा. मी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली आधीचा आणि नंतरचा तंतू शेजारी शेजारी पाहिला, तो दिवस अजून आठवतो.

ताणाबाणा

स्पर्शाबद्दल मी लिहितो. कापडाच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली आहेत.

हात लावून जे कळतं त्याला आमच्याकडे 'हँडल' म्हणतात. ते मोजता येईल असं ठामपणे मांडलं एफ. टी. पीअर्स यांनी, १९३० मध्ये. त्यांनी अगदी साधी गोष्ट केली. कापडाची पट्टी टेबलाच्या कडेबाहेर सरकवत न्यायची आणि स्वतःच्या वजनाने ती किती लांबीला किती वाकते ते पाहायचं. ही चाचणी आजही तशीच चालते.

मोठी उडी जपानमध्ये झाली. क्योतो विद्यापीठातले सुएओ कावाबाता यांच्या पुढाकाराने १९७२ मध्ये जाणकारांची समिती बसली. मसाको निवा त्यांच्या सहकारी. त्यातून चार यंत्रांचा संच तयार झाला: ताण आणि कातर (कापड तिरकं ओढलं जाणं), वाकणं, दाबणं, आणि पृष्ठभाग. २० सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा, आणि त्यातून सोळा आकडे निघतात. यातली गोम अशी की बळ अगदी हलकं लावतात. कापड फाटतं कधी हे पाहायचं नसतं. बोटं जेवढं ओढतात, दाबतात, तेवढंच यंत्र ओढतं आणि दाबतं.

तुमच्या कामाचं चौथं यंत्र. त्यात अर्धा मिलिमीटर जाडीच्या पियानोच्या दहा तारा शेजारी शेजारी बसवलेल्या असतात, बोटाच्या टोकासारख्या. त्यावर ५० ग्रॅमचा भार. कापड खालून सेकंदाला १ मिलिमीटर या वेगाने सरकतं. त्यातून घर्षणाचा सरासरी गुणांक मिळतो, आणि तो गुणांक सरकताना किती हेलकावे खातो तेही. माझ्या अनुभवात दुसरा आकडा जास्त बोलतो. सरासरी घर्षण सारखं असलेली दोन कापडं, पण एकात हेलकावे जास्त असतील तर बोटाला ते खरखरीत लागतं. तिसरा आकडा भूमितीचा: एकच तार कापडावरून जाताना किती वर-खाली होते.

जुना_शिंपी

एवढ्या यंत्रांची गरजच काय? चाळीस वर्षं मी चिमटीत धरून कापड ओळखतो. सोळा आकडे घेऊन मी कोट शिवायला बसलो तर संध्याकाळपर्यंत गळाही कापून होणार नाही. हात शिकतो तो कापडाकडून, कागदाकडून नाही.

ताणाबाणा

@जुना_शिंपी काका, तुमच्या हाताबद्दल पूर्ण आदर. कावाबातांनी सुरुवात अशाच हातांपासून केली होती. समितीतल्या अनुभवी लोकांनी शेकडो कापडं हाताळून गुण दिले. कोशी म्हणजे वाकवल्यावर उसळून परत येणारा ताठपणा. नुमेरी म्हणजे लुसलुशीत गुळगुळीतपणा. फुकुरामी म्हणजे भरीव मऊपणा. शारी म्हणजे कोरडा, करकरीत स्पर्श. प्रत्येकाला दहापैकी गुण. मग यंत्राचे आकडे आणि हाताचे गुण यांचं नातं गणिताने जुळवलं. हात आधी आला, यंत्र त्याच्याकडून शिकलं.

यंत्र हवं ते वेगळ्या कारणासाठी. तुमच्या हातातलं ज्ञान दूर बसलेल्या माणसाला पाठवता येत नाही. मधली_घडी ताईंची अडचण नेमकी तीच आहे. त्यांना कळलंय, पण समोरच्याला दाखवायला काही नाही.

एक मान्य करतो. या पद्धतीत शेवटी ० ते ५ असा एक एकूण गुण काढतात, 'हे कापड किती चांगलं' असा. त्यावर माझा विश्वास नाही. तो त्या समितीच्या आवडीवर बेतलेला आहे. तीच कापडं वेगवेगळ्या देशांतल्या जाणकारांना दिली तेव्हा हिवाळी सुटिंगबद्दल बऱ्यापैकी एकमत झालं, उन्हाळी कापडाबद्दल झालं नाही. गुळगुळीत किती हे मोजता येतं. गुळगुळीत असणं चांगलं की वाईट हे कापड कशासाठी हवं यावर आहे.

जुना_शिंपी

हे पटलं. नातवाला शिकवताना मलाही शब्द सापडत नाहीत, फक्त "हे धर, आता हे धर" असं म्हणतो.

स्पर्शलिपी

मला दिसत नाही, त्यामुळे या धाग्याचा निम्मा भाग माझ्यासाठी ऐकीव आहे. उरलेल्या निम्म्यात मात्र मी रोज राहते.

कापड ओळखताना मी आधी हात नुसता ठेवते, फिरवत नाही. पहिल्या क्षणी कळतो तो गारवा. रेशीम आणि सॅटिन गार लागतं, फ्लॅनेल ऊबदार. खोलीत दोन्ही एकाच तापमानाला असतात. गुळगुळीत कापड बोटाला जास्त जागी टेकतं, म्हणून उष्णता भरभर ओढून घेतं. लवदार कापडाच्या केसांत हवा अडकलेली असते. हेही मोजतात. किंचित तापवलेली चकती कापडावर टेकवून पहिल्या क्षणी उष्णता जास्तीत जास्त किती वेगाने वाहते ते पाहतात. ताणाबाणा, हे तुम्ही विसरलात!

मग बोट सरकवते. हे सरकवणं सोडून चालत नाही. डाव्हिड काट्झ नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९२५ मध्येच लिहून ठेवलं होतं की जाडाभरडा पोत दाबून कळतो, पण अगदी बारीक पोत कळायला हालचाल लागते, कारण तो कंपनांतून कळतो. पुढच्या प्रयोगांनी ते खरं ठरवलं. बारीक कंपनांसाठी त्वचेत खोलवर पॅसिनियन नावाचे ग्राही असतात, सेकंदाला अडीचशेच्या आसपास कंपनांना ते सर्वांत हळवे असतात. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये सुरकुत्यांचे कृत्रिम पृष्ठभाग लोकांना हाताळायला दिले. फक्त १३ नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्यासुद्धा लोकांच्या बोटांना सपाट पृष्ठभागापेक्षा वेगळ्या लागल्या. तेव्हा "बोटाला तसं वाटत असेल" असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका, ताई.

हात मात्र धुऊन, पुसून, थोडा वेळ थांबून मगच लावा. ओलसर बोट कापडाला चिकटतं आणि चांगल्या सॅटिनलाही भरड ठरवतं.

ताणाबाणा

@स्पर्शलिपी, गारवा खरंच राहून गेला. इतकं नेमकं लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

शब्दवेल्हाळ

थोडं अवांतर. त्या जपानी शब्दांवरून वाटलं, आपल्याकडे काय कमी आहे? तलम, सुळसुळीत, लुसलुशीत, मऊसूत, भरड, खरखरीत, करकरीत, चरचरीत, चोपडं, दळदार, लेचंपेचं. हे नुसते समानार्थी शब्द नाहीत. सुळसुळीत कापड गुळगुळीत तर हवंच, शिवाय सहज ओघळणारंही हवं. गुळगुळीत पुठ्ठ्याला कुणी सुळसुळीत म्हणत नाही. म्हणजे त्या एका शब्दात कमी घर्षण आणि कमी ताठपणा दोन्ही आले. दळदार म्हणजे जाडी, पण दाबल्यावर भरीव लागणारी. लेचंपेचं म्हणजे वाकलं की परत न येणारं, त्या कोशीच्या अगदी उलट. आणि 'सळसळ' तर स्पर्शही आहे आणि आवाजही.

रंगारी_

@शब्दवेल्हाळ, वा! ती रेशमाची सळसळ आम्ही मुद्दाम आणतो. शेवटच्या पाण्यात सौम्य सेंद्रिय आम्ल घालतात, ॲसेटिक किंवा टार्टारिक. त्याने धाग्याधाग्यांतलं घर्षण असं बदलतं की ते अडकत-सुटत सरकतात आणि आवाज करतात. जपानी यादीत त्यालाही शब्द आहे, किशिमी.

कात्री

धागा लांबत चाललाय, पण पीळ घट्ट आहे. असाच राहू द्या.

पिक्सेल_दळण

घरच्या चाचणीकडे येतो. सर्वांत सोपी युक्ती: कापड नळीवर गुंडाळा. गोल नळीवर कापडाचा प्रत्येक भाग कॅमेऱ्याकडे वेगळ्या कोनात तोंड करतो, म्हणजे एकाच छायाचित्रात कितीतरी कोन मिळतात. मखमलीचं परावर्तन संशोधकांनी असंच मोजलं होतं.

एकच प्लास्टिकची नळी, त्यावर दोन्ही कापडांच्या पट्ट्या शेजारी शेजारी. एकदा ताणा नळीभोवती, एकदा ताणा नळीच्या लांबीने. अंधारी खोली, एकच दिवा, शक्य तितका लांब. फोनची आपोआप उजेड जुळवण्याची सोय बंद करा, नाहीतर फोन तुमच्यासाठी फरक पुसून टाकेल. चौकटीत एक राखाडी कागद ठेवा, म्हणजे दोन चित्रं ताडून पाहता येतील. एवढंच करा, बीआरडीएफच्या मागे लागू नका.

ध्रुवीकरणाच्या (एकाच दिशेत कंप पावणारा उजेड पुढे सोडणाऱ्या) दोन फिल्म मिळाल्या तर आणखी एक. एक दिव्यासमोर, एक कॅमेऱ्यासमोर, एकमेकींना काटकोनात. पृष्ठभागावरची झळाळी जवळजवळ नाहीशी होते आणि आतून आलेला रंग तेवढा उरतो. त्या चित्रात दोन्ही कापडं सारखी दिसली, तर रंग सारखा आणि फरक फक्त पृष्ठभागाचा.

ताणाबाणा

आणि स्पर्शासाठी दोन. आधी दोन्ही कापडं इस्त्री न करता एक दिवस एकाच खोलीत मोकळी पसरा. प्रयोगशाळेत २० अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता ठेवतात. घरी ते जमणार नाही, पण दोन्हींना हवा तरी सारखी मिळेल.

एक, पीअर्सची पट्टी. अडीच सेंटिमीटर रुंद पट्टी टेबलाबाहेर सरकवा. तिचं टोक कडेपासून ४१.५ अंश खाली झुकलं की थांबा. बाहेर आलेल्या लांबीची निम्मी म्हणजे 'बेंडिंग लेंग्थ'. काळजीपूर्वक मोजा, कारण ताठपणा काढताना या लांबीचा घन करतात. लांबीत दहा टक्के चूक झाली तर ताठपण्यात तेहतीस टक्के होते.

दोन, घसरण. फळीला तेच कापड ताणून लावा. छोट्या सपाट ठोकळ्यालाही तेच. ठोकळा ठेवून फळी हळूहळू उचला. घसरायला लागला तो कोन लिहा. त्या कोनाचा टॅन म्हणजे घर्षण गुणांक. ठोकळा दोन्ही वेळा तोच वापरा. शाळेत शिकलो की घर्षण गुणांक भारावर अवलंबून नसतो, ते कापडाला लागू नाही. भार वाढला की तंतू दबतात आणि गुणांक साधारणतः कमी होतो.

उत्सुक_वाचक

मध्येच एक शंका. ओलं कापड गडद का दिसतं? पाणी तर पारदर्शक.

रंगारी_

कोरड्या कापडात तंतू आणि हवा यांच्या सीमेवर उजेड पुन्हा पुन्हा उलटतो, म्हणून लवकर बाहेर येतो. हवेच्या जागी पाणी आलं की सीमा पुसट होते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, तंतूचा दीडच्या पुढे, हवेचा १. फरक कमी झाला की उजेड कमी उलटतो, कापडात खोल जातो, जास्त शोषला जातो. म्हणून ओल्या कापडाचा रंग कधीच जुळवू नये. ही चूक मी नवखा असताना केली आहे आणि अख्खी खेप पुन्हा रंगवली आहे.

मधली_घडी

मंडळी, चार दिवस लागले, पण सगळं करून पाहिलं.

नळी: ताणा नळीभोवती असताना बाह्यांच्या कापडावर अरुंद, लखलखीत पट्टा. अंगाच्या कापडावर त्याच जागी रुंद आणि मवाळ. ताणा नळीच्या लांबीने ठेवला तर दोन्ही बरीच सारखी! पिक्सेल_दळण, तुम्ही म्हणालात तसंच. फिल्म लावून काढलेल्या चित्रात तर दोन्ही एकच काळा तुकडा वाटतो. रंगमापक खोटं बोलत नव्हता.

पट्टी: लांबी दोन्हींची जवळपास सारखी, तीन-तीन पट्ट्या घेऊनही.

घसरण: बाह्यांचं कापड ताण्याच्या दिशेने सुमारे १४ अंशांना निसटलं, अंगाचं १९ ला. म्हणजे ०.२५ आणि ०.३४. हा आकडा लिहिताना माझं बोट खरं ठरल्याचा इतका आनंद झाला की मी शेजारच्या खोलीत जाऊन सांगून आले.

मग भिंगाखाली दोन्ही धरली. बाह्यांच्या कापडात ताणा सात बाण्यांवरून, म्हणजे आडव्या धाग्यांवरून, जातो आणि मग एकाखाली शिरतो. अंगाच्या कापडात चारच बाण्यांवरून. एक आठ धाग्यांचं सॅटिन, दुसरं पाच धाग्यांचं. क्रमांक एक, वीणच वेगळी!

कात्री

अरे वा! मोकळा धागा जितका लांब, तितकी सलग चमक आणि तितकंच बोट निसटतं. दोन्ही कोडी एकाच गाठीने सुटली. माझं 'दिशा फिरली' मात्र चुकलं.

पिक्सेल_दळण

@कात्री, पूर्ण चुकलं असं नाही. बाहीत फिरली नाही, पण ग्लॉसमीटरखाली फिरली असू शकते. चमकदार कापड आडवं आणि मवाळ कापड उभं मोजलं तर दोन्ही आकडे जवळ येतील. ताई, त्या कागदाचं काय झालं?

मधली_घडी

विचारलं. दिशेची नोंदच केलेली नव्हती, "जसं बसलं तसं मोजलं" असं उत्तर. नळीचं छायाचित्र आणि भिंगाखालचं चित्र पाठवल्यावर मात्र पुढचं सगळं सोपं झालं. तागा बदलून मिळतोय. इथून पुढे मागणीत मी तीन गोष्टी लिहिणार आहे: किती धाग्यांचं सॅटिन, धागा ब्राइट की सेमी डल, आणि तकाकी ताण्याच्या दिशेने आणि आडव्या दिशेने, दोन्ही आकडे.

@जुना_शिंपी काका, तुमच्या नातवासाठी एक नळी आणि एक भिंग नक्की घ्या. आणि तुम्ही सगळे असताना आणखी एक विचारते. पुढच्या नाटकात राणीला गडद लाल मखमल आहे. लव कुठल्या दिशेला ठेवू?

जुना_शिंपी

लव खालून वर. वरून पाहणाऱ्याला केसांची टोकं दिसतात, त्यांच्यामध्ये उजेड अडकतो, रंग खोल दिसतो. खाली ठेवलीस तर केसांच्या बाजू चमकतील आणि लाल फिका पडेल. सगळे तुकडे एकाच दिशेने काप, अगदी कॉलरसुद्धा.

स्पर्शलिपी

आणि हात फिरवून खूण करा. ज्या दिशेने मखमल अडवते, ती दिशा खाली.